लिंगाचा रकाना आणि कोकणातली घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनगणनेची चाहूल लागली की वाडीवाडीत ठरावीक प्रश्न फिरायला लागतात. त्यातले स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी यांच्या मोजणीशी संबंधित असलेले, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांना हमखास पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

सरकारला स्त्री-पुरुष वेगळे मोजून करायचंय काय?

शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृहं किती लागतील, आरोग्य केंद्रात प्रसूतीची सोय किती हवी, विधवा किती, त्यातल्या एकट्या राहणाऱ्या किती, हे सगळं या रकान्यावर उभं असतं. लोकसभा-विधानसभेतलं महिला आरक्षणसुद्धा २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने पुढची जनगणना आणि तिच्यानंतरची मतदारसंघांची फेररचना यांना जोडलं गेलं. आणखी एक कारण आहे, ते फारसं बोललं जात नाही. मुली जन्मालाच येऊ दिल्या जात नाहीत हे देशाला कळलं ते मुलगे-मुली वेगळे मोजल्यामुळेच. नुसती ‘बालकं’ मोजली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

ही माहिती घेतली जाते तरी किती ठिकाणी?

मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत. जन्माची नोंद, शाळेचा दाखला, आधार, रेशनकार्ड, मतदार यादी, पासपोर्ट, दवाखान्याचा केसपेपर. पण यात दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. एक म्हणजे तुमच्या नावावरची नोंद: तिच्यावरून तुम्हाला काहीतरी मिळतं किंवा अडतं. दुसरी म्हणजे मोजणी: जनगणना, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, श्रमबल सर्वेक्षण. तिथे तुमचं नाव शेवटी गळून पडतं आणि उरतो फक्त आकडा. प्रगणकाला, म्हणजे घरोघर मोजणीला येणाऱ्या माणसाला, दिलेल्या उत्तराने आधार कार्ड बदलत नाही, आणि आधारवर काय छापलंय ते पाहून प्रगणकाने लिहावं असंही नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत म्हणतात. खरं का?

खरं आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. त्यात स्त्रिया ८,५३,९४८ आणि पुरुष ७,६१,१२१. म्हणजे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. सिंधुदुर्गात हजारामागे १०३६. त्याच वेळी अख्ख्या महाराष्ट्राचं प्रमाण होतं ९२९.

हा आकडा आला की दर वेळी कुणीतरी भाषणात सांगतं, ‘आमच्या कोकणात मुलीला मान आहे म्हणून.’ ऐकायला छान वाटतं. पण आता शेजारचा आकडा बघा: त्याच जनगणनेत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया, उपनगरात ८६०. आपल्याकडचे जे ‘कमी’ पडलेत ते तिकडे ‘जास्त’ झालेत. गिरणीच्या काळापासून घरटी एक तरी माणूस मुंबईला, गावाकडे म्हातारी, सून आणि पोरं, आणि चाकरमानी येणार गणपतीला नाहीतर शिमग्याला. रत्नागिरीत बायका जास्त असणं हे ब्रिटिशांनी घेतलेल्या जनगणनांपासून दिसत आलंय, म्हणजे ही काही आजची गोष्ट नव्हे.

खात्री करून घ्यायची तर ० ते ६ वयाच्या मुलांचा तक्ता काढा. तिथे दोन्ही जिल्ह्यांत मुलगेच जास्त आहेत. लहान पोरं नोकरीला मुंबईला जात नाहीत, त्यामुळे समाज मुलींना कसं वागवतो याचा अंदाज या तक्त्यावरून घ्यायचा, ११२२ वरून नव्हे. त्यातही जन्माला आलेल्या बाळांमधलं प्रमाण सगळ्यात बोलकं. २००१ आणि २०११ मध्ये स्त्रियांचं एकूण प्रमाण दोन्ही जिल्ह्यांत उतरलं, तेही बऱ्याच अंशी यामुळेच की आता बाईमाणसंही बिऱ्हाडासकट वसई-विरार, कल्याण-डोंबिवलीला जातात आणि घराला कुलूप लागतं.

मग भारतात हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया झाल्या ही बातमी?

तो आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा, २०१९-२१ चा. तो निवडक घरांतून घेतलेला नमुना आहे आणि त्यात आदल्या रात्री त्या घरात झोपलेली माणसं धरली आहेत. हॉस्टेलं, बराकी, साइटवरचे तंबू, बोटी यांतले पुरुष त्यात येत नाहीत. कोकणातल्या कुठल्याही वाडीत रात्री दार वाजवून मोजलंत तर असंच काहीतरी निघेल. त्याच सर्वेक्षणात, आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या बाळांत हजार मुलग्यांमागे मुली ९२९ होत्या. ही दुसरी ओळ बातम्यांत खाली कुठेतरी गेली.

आमचा मुलगा मुंबईत असतो, पण रेशनकार्डावर नाव इथे आहे. त्याला इथे मोजून घ्यायचं ना?

नाही. २०११ ला नियम असा होता की मोजणीच्या संपूर्ण काळात, म्हणजे ९ ते २८ फेब्रुवारी, जो घराबाहेर असेल त्याला गावच्या घरात धरायचं नाही. तो जिथे आहे तिथे धरला जाईल. शिमगा त्यानंतर मार्चात होता, त्यामुळे पालखीला आलेला चाकरमानी या हिशेबात आला नाही. येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरवली आहे, आणि त्या वर्षीची होळीही मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. दोन्हीकडे नाव घातलंत तर तो दोनदा मोजला जाईल आणि वर जो हिशेब मांडला तो सगळा बिघडेल.

आणि बागेतले नेपाळी, बोटीवरचे खलाशी?

जिथे राहतात तिथे मोजायचे. फेब्रुवारीत आंब्याच्या बागा राखणीला आलेल्या असतात, त्यामुळे गुरखे इथल्या आकड्यात येतात, आणि त्यात पुरुष जास्त. ज्यांना घरच नाही अशांची मोजणी २०११ ला २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे या बंदरांत बोटीवरच जेवणारा-झोपणारा खलाशी सुटायची शक्यता सगळ्यात जास्त असते. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, नावं आधीच लिहून ठेवली तर काम सोपं होतं.

प्रगणक तोंडाकडे बघून ‘स्त्री’ की ‘पुरुष’ लिहितो का?

तसं लिहू नये. विचारायचं आणि जे सांगतील ते लिहायचं. २०११ च्या पत्रिकेत पुरुषाला १, स्त्रीला २ आणि इतरला ३ असे सांकेतिक अंक होते. सांगणाऱ्याला १ किंवा २ नको असेल तरच ३. प्रगणकाने स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही. ‘इतर’ हा पर्याय भारताच्या जनगणनेत पहिल्यांदा आला तो तेव्हाच.

प्रत्यक्षात काय होतं ते ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारा. प्रगणक बहुतेक वेळा शाळेतले गुरुजी किंवा बाई असतात, आणि गावात सगळे ओळखीचे. ‘सुनंदा’ नाव ऐकलं की हात आपोआप २ कडे जातो. सातव्या घरापासून पुढे तर तो प्रश्न विचारलाच जात नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव घरांत याने काही बिघडत नाही. बिघडतं ते उरलेल्या एका घरात, आणि तिसरा पर्याय त्या एका घरासाठीच तर ठेवलेला होता.

म्हणजे २०११ चा ‘इतर’चा आकडा तृतीयपंथीयांचा नव्हे?

पूर्णपणे नव्हे. देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद ‘इतर’ म्हणून झाली, त्यात महाराष्ट्रातले ४०,८९१. जनगणना कार्यालयाचाच खुलासा आहे की हा आकडा फक्त तृतीयपंथीयांचा धरू नये: ज्याला कुणाला ‘इतर’ लिहावंसं वाटलं तो त्यात आला, आणि काही तृतीयपंथीयांनी स्वतःला स्त्री किंवा पुरुष असं नोंदवलं असेल.

त्या आकड्याचं पोट उघडून पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. त्यातली ५४,८५४ मुलं शून्य ते सहा वयाची आहेत. तीन वर्षांच्या पोराने ‘मी इतर आहे’ असं सांगितलेलं नाही. ते आईबापांनी सांगितलं, किंवा जन्मतः शरीरातच काही वेगळेपण होतं, किंवा खूण भलत्याच चौकटीत पडली. कशाचे किती हे तक्त्यावरून सांगता येत नाही.

दुसऱ्या बाजूने मतदार यादी बघा. २०२४ च्या लोकसभेआधी तृतीयपंथी म्हणून नोंदलेले मतदार देशात सुमारे ४८ हजार होते. यादीत फक्त प्रौढ असतात हे धरलं तरी जनगणनेच्या मानाने हे जेमतेम दहावा हिस्सा. दारात विचारल्यावर अमुक इतके बोलतात आणि स्वतः अर्ज भरून, पुरावा जोडून, यादी बुथावर जाहीर टांगली जाणार हे माहीत असताना फार थोडे बोलतात. सरकारी आकडे वाचताना मी हे पहिलं बघतो: सांगण्याची किंमत सांगणाऱ्याला किती पडली.

जाता जाता: २०११ च्या मुख्य तक्त्यांत ‘इतर’ची संख्या पुरुषांच्या रकान्यात मिसळलेली आहे. वेगळा पर्याय दिला, लोकांनी धीर करून निवडला, आणि छापताना परत पुरुषांत टाकला! वेगळा तक्ता नंतर आला हे खरं, पण हजारामागे स्त्रिया काढताना खालची पुरुषांची संख्या या मिसळीची आहे.

घरी कुणाला माहीत नाही. जनगणनेत खरं सांगितलं तर बोभाटा होईल?

कायद्याने होऊ नये. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमची पत्रिका कुणालाही पाहायला मिळत नाही, कोर्टातही ती पुरावा म्हणून चालत नाही. तलाठी, पोलीसपाटील, बँक, कुणालाच नाही.

खरी अडचण कायद्याच्या अलीकडे, पडवीतच आहे. प्रगणक खाटेवर बसतो, घरातलं एक माणूस सगळ्यांची उत्तरं देतं, आणि आजूबाजूला शेजारच्या दोघी उभ्या असतात. लिंग, वय, लग्न, शिक्षण, सगळं एकाच तोंडातून येतं. ज्याच्याबद्दल चाललंय तो आत चहा करत असतो नाहीतर गोव्याला कामाला असतो. बापाने ‘झील’ (मुलगा) म्हणून सांगितलं की लिहिला गेला झील. येत्या जनगणनेत मोबाइलवर स्वतः माहिती भरायची सोय आहे, पण तिथेही अख्ख्या घराची माहिती एकच जण भरणार. तुम्ही स्वतः भरायला बसलात तर तुमच्या ओळीत तुम्ही ठरवाल ते जाईल. एवढी एक वाट नक्की मोकळी आहे. तीही धोक्याची वाटली तर घरच्यांनी सांगितलं तसं राहू द्या. एका रकान्यासाठी कुणी घर गमावू नये.

आधारवर एक लिंग आणि मतदार यादीत दुसरं. दुरुस्त कुठे करायचं?

प्रत्येक ठिकाणी वेगळं, याला उपाय नाही. मतदार यादीसाठी नमुना ८. आधारसाठी केंद्रावर जावं लागतं; तिथे लिंगाची नोंद सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून घाईने खूण करू नका. आधारच्या अर्जात पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी असे तिन्ही पर्याय आहेत.

तृतीयपंथी ओळखपत्राचं काय?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात, जो नालसा निकाल म्हणून ओळखला जातो, तृतीयपंथीयांना कायद्याने मान्यता दिली आणि स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क मानला. मग २०१९ चा कायदा आला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याखालच्या २०२० च्या नियमांनी पद्धत ठरवली ती अशी: राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, आणि प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून. शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर सुधारित प्रमाणपत्राची वेगळी पायरी. कायद्यात आणि नियमांत फेरबदल होत असतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर जे लागू असेल तेच वाचा, कुणीतरी पाठवलेला जुना कागद नको. आणि जनगणनेत ‘तृतीयपंथी’ सांगायला हे प्रमाणपत्र लागत नाही. प्रगणकाने मागितलं तर देऊ नका.

आई नवऱ्याचं नाव घेत नाही. प्रगणक रागावेल का?

रागवायची सोयच नाही त्याला. जनगणना कायद्याच्या कलम ८ मध्येच लिहिलंय की जे नाव घेणं रूढीने वर्ज्य आहे ते सांगायची सक्ती बाईवर नाही, आणि घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती कुणावरच नाही. १९४८ चा कायदा आहे, त्या काळचं घर त्यात दिसतं. गावाकडे नात शेजारी बसलेली असते, ती सांगून टाकते.

कुटुंबप्रमुख म्हणून कुणाला लिहायचं?

घरातले ज्याला मानतात त्याला. रेशनकार्डाचा यात संबंध नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून रेशनकार्डासाठी घरातली वयाने मोठी बाई प्रमुख धरली जाते, पण जनगणनेत तोच नियम नाही. मुंबईत असलेल्या नवऱ्याला ‘प्रमुख’ लिहिता येत नाही, कारण तो इथे मोजलाच जाणार नाही. शेत, पोरं, म्हातारी, लाइटबिल सगळं बघणारी बाईच मग प्रमुख. तरीही ‘ह्यांचं लिहा’ असा आग्रह घराघरांत होतो.

बायको घरीच असते. तिच्यापुढे ‘काम नाही’ लिहिलं तर चुकलं का?

बहुतेक वेळा चुकतं. हा भाग जरा सविस्तर घेतो, कारण कोकणातल्या बायकांचा आकडा सगळ्यात जास्त इथेच बुडतो.

खाडीकाठच्या एखाद्या घरात विचारून बघा. ‘आजी, काम काय करतास?’ ‘मी काय करतलंय? घराकच आसतंय.’ हे सांगत असताना तिच्यापुढे तिसऱ्यांची (खाडीतल्या शिंपल्यांची) पाटी असते. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पायाने चाचपत तिने त्या काढलेल्या असतात. त्यातल्या निम्म्या घरात शिजतात, निम्म्या बाजारात वाट्याने विकल्या जातात. शिवाय जूनमध्ये तरवा (भाताची रोपं) काढायला आणि लावणीला ती असते, मे महिन्यात कोकमं फोडून वाळवते, काजूच्या बिया वेचते. तिच्या नावापुढे मात्र ‘घरकाम’.

जनगणनेचा प्रश्न नीट विचारला तर असा आहे: गेल्या वर्षभरात कधीही काम केलं का? सहा महिने किंवा जास्त असेल तर मुख्य कामगार, कमी असेल तर सीमांतिक. घरच्या शेतात बिनपगारी राबणंही यात काम धरलं जातं. तेव्हा ‘काय करता’ असं विचारू नये. लावणी केली का, मासे सुकवले का, विकले का, कुणाच्या कलमांना पाणी घातलं का, असं एकेक विचारावं. तुम्ही सांगणारे असाल तर असंच एकेक सांगा.

स्वयंपाक, धुणं, म्हाताऱ्यांचं करणं मात्र जनगणनेत कामात येत नाही. ते कळतं वेळ वापर सर्वेक्षणातून. २०२४ च्या फेरीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, पुरुषांचे ८८. आधीच्या २०१९ च्या फेरीत हेच २९९ आणि ९७ होतं. पाच वर्षांत दोघांचंही थोडं घटलं आणि दरी जिथल्या तिथे. पुरुषांचा आकडा तर फक्त ‘त्या दिवशी घरकाम केलेल्या’ पुरुषांचा आहे. न करणारे त्या सरासरीत धरलेलेच नाहीत.

जमिनीचंही असंच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. आपल्याकडे नवरा मुंबईला, भात कापते बायको आणि सातबारावर नाव आजेसासऱ्याचं.

सोनोग्राफीच्या वेळी भरतात तो फॉर्म पण याचाच भाग का?

तो गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याचा, १९९४ चा. त्याला एफ फॉर्म म्हणतात. त्यात तपासणी कशासाठी झाली याची नोंद असते, बाळाचं लिंग नसतं. असू शकत नाही.

बाहेरच्या देशांत कसं विचारतात?

कॅनडाने २०२१ ला दोन प्रश्न ठेवले: जन्माच्या वेळची नोंद काय आणि आज तुम्ही स्वतःला काय मानता. इंग्लंड-वेल्सने त्याच वर्षी सोळा वर्षांपुढच्यांना, उत्तर द्यायची सक्ती न करता, विचारलं की तुमची लिंगओळख जन्मनोंदीशी जुळते का. २,६२,००० जणांनी ‘नाही’ म्हटलं. नंतर लक्षात आलं की ज्यांची इंग्रजी कच्ची होती त्यांच्यात हे ‘नाही’ जास्त पडलं होतं. प्रश्न कळलाच नसावा. २०२४ मध्ये त्या आकड्यांचा अधिकृत दर्जा खाली आणावा लागला. नेपाळने २०२१ ला ‘अन्य’ लिंग ठेवलं, तर तीन कोटींच्या आसपासच्या देशात तीन हजारही भरले नाहीत. तिकडेही घरातला एकच जण सगळ्यांबद्दल सांगतो.

मग इथेही दोन प्रश्न असावेत का?

माझं मत: जनगणनेत नकोत. पडवीत, सगळ्यांसमोर, एकाने दुसऱ्याबद्दल द्यायच्या उत्तरात दुसरा प्रश्न घुसडला की इंग्लंडसारखा गोंधळ होईल आणि वर भांडणं लागतील. त्यापेक्षा वेगळं सर्वेक्षण हवं, ज्यात माणूस स्वतःबद्दल, एकटा असताना बोलेल. हे जमत नाही असं नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याच्या मारहाणीबद्दल विचारतात, तेव्हा घरातल्या एकाच बाईची निवड होते, विचारणारीही बाई असते आणि आडोसा मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. मुलाखतीची ही शिस्त आपल्याकडे आधीपासून आहे, ती फक्त या प्रश्नाला लावायची.

आमच्या गावाचा आकडा कुठे बघू?

२०११ साठी जिल्हा जनगणना पुस्तिका काढा. तीत महसुली गावानुसार स्त्री, पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, मुख्य आणि सीमांतिक कामगार, सगळं आहे. वाडीचा वेगळा आकडा मिळणार नाही. स्त्री कामगारांच्या रकान्यात शून्याच्या जवळ जाणारी संख्या दिसली आणि गावात भातशेती असेल, तर त्या गावात प्रश्न कसा विचारला गेला असेल ते तुम्हाला तक्त्यावरूनच कळेल. त्या वर्षी गावात प्रगणक कोण होते हे जुन्या माणसांच्या सहसा लक्षात असतं, त्यांना गाठून विचारता येतं.